‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणता, सोसायटी तर तुमच्या वरच्या खोलीत बसली आहे

न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या एका मावशींशी मागच्या आषाढात फोनवर बोलणं झालं. मूळच्या उत्तर नागपूरच्या. तिथे वर्षावासाचे तीन महिने रोज रात्री विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन व्हायचं आणि वाचायला बसणाऱ्या पोरींचे उच्चार सुधारून घेणाऱ्या याच मावशी. विचारलं, तिकडे काय करता? म्हणाल्या, ‘‘काय सांगू बाबू, लेकराले बसपर्यंत सोडून देतो, मंग दिवसभर खिडकीत.’’

मुलगा चांगला आहे. आईला एकटं वाटू नये म्हणून त्याने तिला तिथल्या एका मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात नेलं. पहिला प्रश्न आडनावाचा. दुसरा, नागपुरात नेमकं कुठे. तिसरा, मिस्टर कशात होते. तीन प्रश्नांत काम झालं. कोणी अपमान केला नाही, चहाही दिला. पुढच्या महिन्यात सत्यनारायण होता आणि त्यानंतर संक्रांतीचं हळदीकुंकू. मावशी बौद्ध आहेत आणि विधवाही आहेत. म्हणजे पहिल्या कार्यक्रमाला त्यांचं मन जाऊ देईना आणि दुसऱ्याचं बोलावणंच आलं नाही. मुलाला त्यांनी सांगितलं, गुडघे दुखतात, आता नको नेऊ.

आता इथे मंडळाला शिव्या घालून लेख संपवता येईल. तो लेख आपण शंभर वेळा लिहिला आहे. सवर्ण माणूस विमानात बसताना जात खाली ठेवून जात नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला तो काही गंमत म्हणून नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसंच विधेयक नाकारलं, तेही आपण पाहिलं. माझा प्रश्न मंडळाला नाही. माझा प्रश्न आपल्या इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक भावाबहिणींना आहे: आईला तिथे न्यायची वेळ तुमच्यावर आलीच का? आपलं स्वतःचं काही का नव्हतं?

‘पे बॅक टू सोसायटी’ हा तुमचा आवडता शब्द. खेड्यातल्या वाचनालयाला पुस्तकं पाठवता, वसतिगृहातल्या पोरांच्या फिया भरता. त्याबद्दल जयभीम. पण ज्या समाजाचं ऋण फेडायचं म्हणता, तो समाज तुमच्या घरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसला आहे. ज्या आईने धुणीभांडी करून तुम्हाला शिकवलं, ती तुमच्या घरात पुन्हा तेच करते आहे. पाळणाघराचे डॉलर वाचतात, त्याचा हिशोब कोणी करत नाही. तिला गाडी चालवता येत नाही, बाहेर फुटपाथ नाही, आणि फोनवर इंग्रजी आलं की ती तो नातवाच्या हातात देते.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. इक्वालिटी लॅब्स या संस्थेचा अमेरिकेतल्या जातीविषयीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात उत्तर देणाऱ्या दलितांपैकी निम्म्यांनी आपली जात उघड होण्याची भीती वाटते असं सांगितलं. ही भीती खरी आहे, मी तिची थट्टा करणार नाही. ऑफिसातला मॅनेजर कोण, बढती कोणाच्या हातात, हे तुम्हीच भोगता. पण या भीतीची किंमत घरात कोण चुकवतं? आई चुकवते. सवर्ण मित्र जेवायला येणार म्हणून हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये जातो आणि फोटोमागोमाग आईही. इंडियन स्टोअरमध्ये कोणी ओळखीचं दिसलं तर ‘जयभीम म्हणू नको हं, नमस्ते म्हण’ अशी तालीम दिली जाते. जिने गावातल्या पाटलासमोर जयभीम म्हटलं, तिला पोराच्या घरी तोंड दाबावं लागतं. यालाच का परदेशातली प्रगती म्हणायचं?

म्हणून आपल्या ज्येष्ठांचा गट हा चहा-बिस्किटाचा, वेळ घालवण्याचा विषय नाही. आठवड्यातून दोन तास मोठ्याने जयभीम म्हणता येईल, अशी ती एक जागा आहे.

ब्रिटनकडे बघा. पन्नास-साठच्या दशकांत पंजाबातून गेलेले आपले लोक फाउंड्रीत, कारखान्यांत राबले. पगार तुटपुंजा, इंग्रजी मोडकं. पण त्यांनी वर्गणी गोळा करून इमारती उभ्या केल्या. साउथॉल, बेडफर्ड, बर्मिंगहॅमला गुरू रविदास सभांची भवनं आहेत, वुल्वरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे. तिथे लंगर आहे, म्हातारी माणसं एकत्र बसतात, जेवतात. कोणी मेलं तर चार खांदे मिळतात. त्या मजुरांनी जे केलं ते आपल्या एच-वन-बीवाल्यांना का जमत नाही? कारण मजूर एकाच गल्लीत राहिले आणि आपण चांगल्या शाळा बघून चाळीस-चाळीस मैलांवर घरं घेतली. हे समजू शकतो. पण अंतर ही अडचण झाली, उत्तर नव्हे.

मेरीलँडमध्ये अकोकीक इथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांच्या १९ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. राम सुतारांनी घडवलेला पुतळा, १३ एकरांची जागा. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण न्यू जर्सीतल्या मावशी तिथे वर्षातून एकदा जातील, तेही पोराला सुट्टी असली तर. मग उरलेल्या ३६४ दिवसांचं काय? आपल्या परदेशातल्या संघटनांचं कॅलेंडर बघा: एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरमध्ये महापरिनिर्वाण दिन. आईवडील त्या दिवशी पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत. फोटो निघाला की पुन्हा खिडकीत.

तिथले नियमही नीट समजून घ्या, कारण गटाचं अर्धं काम तिथेच आहे. आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी बोलवायचं तर मूल अमेरिकेचं नागरिक हवं आणि वय २१ च्या पुढे हवं. जे अजून रांगेत आहेत त्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात, साधारण सहा महिने राहतात आणि परत जातात. ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेड बहुतेक ठिकाणी पाच वर्षं मिळत नाही. ज्यांनी तिथे नोकरी केलेली नाही त्यांना मेडिकेअर विकत घ्यायलाही ६५ वय आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणजे पहिली पाच वर्षं दुखणं आलं की खर्च पोराच्या माथी. म्हातारी माणसं मग दुखणं लपवतात. छातीत कळ आली तरी ‘ॲसिडिटी झाली’ म्हणतात. हे मुलाला सांगणार नाहीत, पण शेजारी बसलेल्या दुसऱ्या मावशीला सांगतील. ती दुसरी मावशी आणायची कुठून?

‘आमच्याकडे माणसं नाहीत, जागा नाही’ हे मला सांगू नका. अमेरिकेत बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत बैठकीची खोली फुकट मिळते. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टखाली साठीपुढच्यांसाठी एकत्र जेवणाची केंद्रं चालतात, तिथे पगाराची चिठ्ठी मागत नाहीत. गुजराती आणि पंजाबी ज्येष्ठांनी या सोयी शोधून काढल्या, आपण का नाही? पाच माणसं जमली तरी गट होतो. जमलीच नाहीत तर वर्षावासात रोज रात्री फोनवर अर्धा तास ग्रंथवाचन ठेवा. न्यू जर्सीची मावशी वाचेल, टोरांटोचे काका ऐकतील. आणि वाचणारी आपली आईच असू द्या. तिथेही ‘मॉडरेटर’ म्हणून स्वतःच बोलत बसू नका.

‘वेगळा गट काढून तुम्हीच जात नेता’ असं तुमचे मित्र म्हणतील. त्यांना एवढंच विचारा, की तुमच्या गटात सावित्रीबाईंची जयंती होते का, विधवेला कुंकू लावता का? होत असेल तर आम्हीच येतो. बरं, आपल्या गटाचं दार कोणालाही बंद नसावं. ज्या सवर्ण म्हातारीला हळदीकुंकवातून वगळलं, तीही आली तर तिला खुर्ची द्या.

आणखी एक. आज पंचाहत्तरीत असलेला माणूस १९७२ ला पँथर झाली तेव्हा विशीतला होता. १९७८ ला मराठवाडा पेटला तेव्हा त्याचं घर जळलं असेल, पुढच्या वर्षी तो लाँग मार्चमध्ये चालला असेल. हा चालता इतिहास कॅलिफोर्नियातल्या एखाद्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर पेंगतो आहे आणि तुम्ही परिषदेत दलित पँथरवर पेपर वाचता! एक फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि गप्प बसा. आग्र्याला १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरवतो. फिरवताना आपण कोणाबद्दल वाचतो आहोत, हे लक्षात येत नाही.

फोन ठेवताना मावशींनी विचारलं, ‘‘बाबू, इकडं मी गेली त मले त्रिशरण-पंचशील कोन म्हनन? पोराले पाठ नाही.’’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर त्यांच्या मुलाला फोन केला आणि म्हटलं, तुमच्यापासून गाडीने चाळीस मिनिटांच्या आत आपली घरं किती, ते मोज. त्याला आठवडा लागला. अकरा निघाली. त्यातल्या सहा घरांत कोणाची ना कोणाची आई आहे, आणि त्या सहाजणी एकमेकींना ओळखत नाहीत.