‘रानात जाऊ नका’ म्हणे!

काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. माकडतापाचे दिवस साधारण डिसेंबर ते मे. सिंधुदुर्गात हे दोन्ही हंगाम एकाच बाईच्या वाट्याला येतात. बागेत रोजंदारीवर बिया वेचणारी तीच, सरपण आणि पातेरा आणणारीही तीच.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१५ साली गोव्यात सत्तरीत, २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ साली सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात त्याची साथ आली. तो गोचीड चावल्याने होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. एकाएकी सडकून ताप, डोके आणि अंग ठणकणे, काहींना रक्तस्राव. शंभरात तीन ते पाच रोगी दगावतात. वाचलेल्यांचा अशक्तपणाही आठवडेच्या आठवडे सरत नाही. यावर नेमके औषध नाही. अनेक वर्षे दिली गेलेली लस पुरेशी प्रभावी नसल्याने कर्नाटकात २०२२ साली थांबवण्यात आली. म्हणजे उरतो तो प्रतिबंध.

पण प्रतिबंध कुणाच्या खर्चाने? मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, रानात जाणे टाळा, अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. सल्ला योग्यच आहे. मात्र रान टाळले तर मजुरी बुडते आणि पाणी तापवायला सरपण त्याच रानातून आणावे लागते. आजारी पडली तर तिला भरपगारी रजा नाही. शुश्रूषेला घरी बसते तीही बहुधा दुसरी बाईच. ज्या उपायासाठी पैसा, वेळ आणि पाणी लागते, तो नुसता उपदेश करून साधत नाही. त्यासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद व्हावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. माकडतापासाठी दरवर्षी स्वतंत्र निधी हवा, आणि तो माणसे दगावल्यावर नव्हे, तर नोव्हेंबरपूर्वी गावात पोचायला हवा. गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल आणि त्याची माहिती वाडीवस्तीवर, काजूच्या बागांत पोचावी. हे काम आशाताईंकडे द्यायचे तर त्याचा वेगळा मोबदलाही द्यावा. मेलेल्या माकडाची खबर मिळताच त्या जागी फवारणी व्हावी. रक्ततपासणी जवळच्या जवळ व्हावी, उपचार मोफत असावेत. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून मिळावी. बाईच्या कष्टावर हंगाम साधणाऱ्या बागमालकांनीही आपला वाटा उचलावा.

मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. हंगामापूर्वीच्या सभेत एकच प्रश्न विचारू या: माकडतापासाठी यंदा किती पैसे ठेवले, आणि ते केव्हा येणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू या.