‘स्टिअरिंग सदोष’ म्हणजे नेमके काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील हलक्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपयांवर नेले, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या वाचकपत्रांचा सूर पालटला आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वी ज्या कामास ६०० रुपये पुरत असत, त्यास त्या तारखेपासून ५,००० लागू लागले आणि आता वीस वर्षे ओलांडलेल्या गाडीस त्याच्या दुप्पट. राज्याचा पर्यावरण कर त्याशिवाय निराळा. शुल्कवाढ योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. वाचकांचे गाऱ्हाणे असे आहे, की नमुना २५ भरून, एवढी रक्कम सरकारजमा करून, अर्धा दिवस रांगेत घालवून ग्राहक परत येतो तो ‘स्टिअरिंग सदोष, दुरुस्त करून आणणे’ एवढाच एका ओळीचा शेरा घेऊन. आणि दोष टाय रॉड एंडचा, लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा, रॅकच्या माउंटिंगचा की शाफ्टच्या खालच्या जॉइंटचा, याचा उलगडा त्या ओळीतून ब्रह्मदेवासही होणार नाही.

या शेऱ्याचा सर्वाधिक भार पडतो तो मारुती ८०० वर. मुंबई, पुणे व सोलापूर येथे एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ चे मानक लागू झाल्यावर तिची विक्री थांबली. पण हे मानक प्रथम लागू झालेल्या तेरा शहरांच्या यादीत नागपूर नसल्यामुळे आपल्याकडे ती विकली जात राहिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच बंद झाले तेव्हा कोठे हा ओघ आटला. म्हणजे विदर्भातील शेवटच्या शेवटच्या गाड्यांची पंधरा वर्षे २०२९ च्या सुमारास भरतील, आणि तोवर, किंबहुना त्यानंतरही, ही गाडी आपल्या दारी येतच राहील. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाने रबर कडक होते आणि सिमेंटच्या रस्त्यांचे सांधे बाराही महिने त्याच रबरावर घाव घालतात. तेव्हा नागपूरच्या ८०० मध्ये बुश आधी जातात व लोखंड मागाहून, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नकोच.

आता या शेऱ्याचे मूळ पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ व्या नियमाचा आशय असा, की प्रत्येक मोटार वाहनाची स्टिअरिंग यंत्रणा सुस्थितीत असावी, व्हीलवरील मोकळी चाल ३० अंशांहून अधिक नसावी, जोडणीतील सर्व बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट वा पिना नीट बंदिस्त असाव्यात. यातील ३० अंशांचे माप आमच्या व्यावसायिक बंधूंनी एकदा स्वतः फुटपट्टी घेऊन मोजून पाहावे. सुमारे ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर ३० अंश म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरांहून अधिक अंतर, अर्थात पुरी चार बोटे घालूनही वर उरेल एवढी जागा! रॅक-पिनियनच्या लहान गाडीत दोन बोटांपलीकडे प्ले आढळला, तर कोणताही जाणता मिस्त्री ती गाडी ग्राहकाच्या कुटुंबाला घेऊन रामटेकच्या रस्त्याला लागू देणार नाही. नियमाच्या दृष्टीने मात्र ती निर्दोष ठरते. दहा चाकांच्या ट्रकला आणि बारा इंची चाकांच्या मारुतीला एकच माप लावल्याचा हा परिणाम आहे. उलटपक्षी, बॉल घट्ट असून केवळ बूट, म्हणजे ती रबरी टोपी, फाटलेली गाडी परत पाठविली जाते. फाटका बूट बदललाच पाहिजे, कारण त्यातून धूळ शिरून बॉल खाल्ला जातो. पण बूट शाबूत आहे म्हणून आतला बॉलही शाबूत आहे, हे अनुमान सर्वस्वी चुकीचे होय. एका परिवहन कार्यालयाच्या आवारात आम्ही स्वतः उभे राहून पाहिले, की तपासनीसांनी खिडकीतून हात घालून व्हील अर्धा वेढा फिरविले, वाकून बुटाकडे दृष्टी टाकली आणि शेरा लिहिला. कोणत्याही सांध्यास हात लागला नाही. तपासनीसांपुढे वाहनांची रांग मोठी असते हे आम्ही जाणतो; तथापि दहा हजारांची पावती फाडणाऱ्या खात्याने सांध्यास हात लावण्याइतका अवधी काढू नये, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

असल्या शेऱ्याचे पर्यवसान कशात होते, त्याचा एक दाखला देतो. कामठी रोडवरील एका वाचकमित्राच्या गॅरेजात आम्ही बसलो असता २००५ सालची एक ८०० आली. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले. ‘स्टिअरिंग सदोष’ हा शेरा घेऊन ते आधी दुसरीकडे गेले होते. तेथे प्रथम दोन्ही टाय रॉड एंड बदलले गेले, मग सबंध रॅक बदलला गेला, आणि तरीही ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढतच होती. येथील उस्तादांनी व्हील हलवून पाहिले, प्ले नव्हताच. त्यांनी डावे चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे रेटले, तेव्हा लोअर आर्म बोटभर मागे सरकून परत येताना आम्हां सर्वांस दिसला. या गाडीत आर्मला पुढून-मागून धरून ठेवण्याचे काम स्टॅबिलायझर बार करतो, हे वारंवार विसरले जाते. आर्ममधून जाणाऱ्या त्या बारचे बुश काढून उस्तादांनी आमच्या तळहातावर ठेवले : करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे तडकलेले, आणि नखाने दाबताच काळा चुरा होणारे. नवे बुश बसले, टो-इन जुळवले गेले, आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नेऊन ब्रेक दाबला तेव्हा गाडी सरळ रेषेत थांबली. बिल पाहून मालक क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, “मंग रॅकचे पैसे कायचे घेतले जी त्यायनं?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या व्यवसायापाशीही नाही.

कारण या प्रकरणात खाते जितके दोषी, तितकेच आपणही आहो, आणि हे येथे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. ढिला झालेला बॉल तसाच ठेवून त्यावर नवा बूट चढविणारे, रॅकचा प्लंजर स्क्रू आवळून प्ले लपविणारे आणि ‘पासिंगपुरते करून देतो’ असे ग्राहकाला तोंडावर सांगणारे कारागीर याच शहरात आहेत. आवळलेल्या रॅकचे स्टिअरिंग वळणानंतर आपणहून परत येत नाही, आणि जड हाताने ते परत आणण्याच्या नादात पावसात काय घडते, ते अशा गाड्या क्रेनवरून उतरवून घेणाऱ्यांनी पाहिलेले आहे. हे कसब नव्हे. ग्राहकाच्या जिवाशी केलेला हा व्यवहार आहे आणि तो आजच्या आज थांबला पाहिजे. ढिल्या बुशांवर अलाइनमेंटचे यंत्र लावून कागद हाती देणारे बंधूही याच पंक्तीत बसतात, कारण गाडी यंत्रावरून उतरताच कागदावरील आकडे खोटे ठरतात.

निदानाला वेळ लागत नाही, फक्त दोन माणसे लागतात. चाके जमिनीवर ठेवून एकाने व्हील डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने शाफ्टच्या जॉइंटपासून टाय रॉड एंडापर्यंत एकेका सांध्यावर तळहात ठेवीत जावे. धक्का जेथे हाताला लागतो तेथेच प्ले असतो. जॅकवर घेतलेले चाक वर-खाली हलत असेल, तर बॉल जॉइंटची ऑर्डर देण्यापूर्वी सोबत्याला ब्रेक दाबून धरावयास सांगावे : हालचाल नाहीशी झाली तर दोष हबच्या बेअरिंगचा, राहिली तर बॉल जॉइंटचा. ही साधी कसोटी न घेतल्यामुळे किती चांगले आर्म भंगारात गेले असतील! आणि एका बाजूला ओढणारी गाडी उघडण्याआधी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालून पाहावेत. ओढ बाजू बदलते की नाही, यावरून निम्मा प्रश्न सुटतो.

खात्याकडे आमचे मागणे थोडे आहे. मोकळ्या चालीचे माप वाहनाच्या वर्गानुसार ठरवावे व ते व्हीलच्या कडेवर मिलिमीटरमध्ये मोजावे. आणि शेऱ्यात सदोष सांध्याचे नाव व बाजू लिहिणे बंधनकारक करावे. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये निघाले. चाकाखालच्या हलत्या पाट्यांवर सांध्यांचा ढिलेपणा दाखविणारे यंत्र ही आता नवलाई राहिलेली नाही. असे यंत्र येईपर्यंत टॉर्च आणि एक मदतनीस एवढ्यावरही हे काम होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी हे २०१४ पासून आपल्याच शहराचे खासदार आहेत. तेव्हा नागपूरच्या कारागिरांचे निवेदन दिल्लीस पोहोचणे अवघड नसावे. मात्र रिकाम्या हातांनी गेलेले निवेदन दप्तरात पडून राहते. त्यासाठी आम्हांस पुरावा हवा.

म्हणून प्रत्येक वाचकास विनंती, की ‘स्टिअरिंग सदोष’ असा शेरा घेऊन आलेल्या गाडीच्या बाबतीत शेऱ्याची नक्कल, आपण शोधलेला सांधा, काढलेल्या भागाचे एक छायाचित्र आणि आपले बिल, मालकाचे नाव व गाडीचा क्रमांक झाकून, आमच्याकडे पाठवावे. आणि तो काढलेला भाग भंगारात न टाकता पिशवीत घालून मालकाच्या हाती द्यावा. या महिनाअखेरपर्यंत येणारी सर्व प्रकरणे एकत्र करून आम्ही निवेदनास जोडणार आहोत.