हौतात्म्याचे सोहळे पुरे, सरावाचे काय?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभरातील पोलीस मुख्यालयांत बिगूल वाजतो, शोकशस्त्राची मानवंदना होते आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना कामी आलेल्यांची नामावली वाचली जाते. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान धारातीर्थी पडले. त्यांची स्मृती राखणे हे कृतज्ञ समाजाचे कर्तव्यच आहे. परंतु नामावली वाचून झाल्यावर एक प्रश्न कोणीही विचारीत नाही. यांपैकी किती जण शत्रूच्या वा निसर्गाच्या बळापुढे पडले, आणि किती जण आपल्याच अनास्थेमुळे गेले?

या प्रश्नाचे उत्तर गैरसोयीचे आहे, म्हणूनच तो टाळला जातो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सुपुत्र तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या आपल्या देहावर झेलल्या. त्यांच्या शौर्यापुढे राष्ट्र नतमस्तक झाले, मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झाले. ते योग्यच झाले. पण स्वयंचलित रायफलींसमोर लाठी आणि जुनाट थ्री-नॉट-थ्री बंदुका देऊन माणसे उभी करणाऱ्या व्यवस्थेला कोणते पदक द्यावे? प्रधान समिती नेमली गेली, तिचा अहवाल २००९ मध्ये आला. मुंबईतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे जाळे पूर्ण व्हायला मात्र २०१६ साल उजाडले. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. शत्रू आपल्या निविदांसाठी थांबत नसतो, एवढे साधे सत्य उमगायला सात वर्षे लागली!

पंचगंगेचा धडा

मुंबई दूर राहिली. आपल्या कोल्हापूरचेच पाहू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये तोही उच्चांक मोडला. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा रस्तामार्गे संपर्क तुटला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे महाराष्ट्रातील ठाणे तळेगावजवळ, येथून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. राज्याचे आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले ते धुळे आणि नागपूर येथे. ज्या महामार्गाने मदत यायची तोच बुडाला, तर आंबेवाडी, प्रयाग चिखली किंवा शिरोळ तालुक्यातील माणसाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

त्या वेळी धावून आला तो समाजच. गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसे पैलतीरी नेणारा हा मुलूख. हिंमतीची येथे कधीच वाण नव्हती. नंतर लष्कर, नौदल आले आणि त्यांनी अपूर्व कार्य केले. परंतु त्याच पुरात ८ ऑगस्टला शेजारच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसे वाचवणारी बोटच उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. बोट गावची, माणसे क्षमतेहून अधिक, अंगावर जीवरक्षक जाकिटे नाहीत. बोट चालवणाऱ्यांची तळमळ खोटी नव्हती. ‘इतकेच बसतील, बाकीचे पुढच्या खेपेला’ असे भेदरलेल्या जमावाला ठणकावून सांगायचे शिक्षण त्यांना कोणी दिलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, ते बोलून चालून गावकरी; प्रशिक्षित दल असते तर असे घडले नसते. मग मे २०२४ मधील प्रवरेची घटना आठवावी. अकोले तालुक्यात सुगाव येथे बुडालेल्या तरुणांचा शोध घेण्यासाठी गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांना वीरमरण आले. धरणे-बंधाऱ्यांच्या या प्रदेशात प्रत्येक नदीचा, प्रत्येक बंधाऱ्याखालच्या भोवऱ्याचा स्वभाव वेगळा असतो. तो धुळ्याहून येणाऱ्या जवानाला एका रात्रीत कसा कळणार? तो त्याच पाण्यात, पूर नसताना, वारंवार उतरूनच कळतो.

उद्घाटन होते ते खरेदीचे

पैसा नाही, ही सबब आता कोणी सांगू नये. बोटी, वाहने, कॅमेरे, ड्रोन यांची खरेदी होते, नारळ फुटतो, छायाचित्रे छापून येतात. सरावाला नारळ फोडता येत नाही, म्हणून तो कोणालाच नको असतो. शिपाई भरती होतो, नऊ महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण घेतो आणि पुढची तीस वर्षे बंदोबस्तात घालवतो. सभा, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक यांतून उजळणी वर्गाला जायला त्याला मोकळे करणार कोण? १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. वसाहतकालीन कायद्यांचे जोखड उतरले, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागतच केले. आता झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. पण चित्रण करणारा तो मोबाइल कोणाचा? तो पुरावा न्यायालयात टिकेल अशा रीतीने कसा जपायचा, हे दूरच्या ठाण्यातील हवालदाराला कोणी शिकवले? कायदा नवा आणि हात जुनेच राहिले, तर लाभ आरोपीच्या वकिलाचा होईल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, केशवराव भोसले यांचे नाव मिरवणारे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूर रडले. महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा सांगतो की, इमारतीच्या मालकाने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावे. येथे मालक महापालिका आणि अग्निशमन दलही महापालिकेचेच. आपणच आपल्याला प्रमाणपत्र द्यायचे असेल, तर जाब कोणी कोणाला विचारायचा?

हे शहाणपण आपल्याकडे नव्हते असेही नाही. याच करवीर राज्याच्या छायेत, अठराव्या शतकाच्या आरंभी, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गरक्षणाचे नियम सांगितले. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, असे त्यांनी बजावले. युद्ध नसतानाच्या दक्षतेवर राज्य टिकते, हे अमात्य जाणून होते. आज गोदामात पडलेल्या बोटीचे इंजिन दर पंधरा दिवसांनी सुरू करून पाहणारा हवालदार कोठे आहे?

आपल्याही अंगणात

बोट केवळ शासनाकडे दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९७९ ची मोरवी असो, १९९३ चे किल्लारी असो की २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर. आपत्तीत स्वयंसेवक सर्वांत आधी पोहोचतो, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तथापि सेवाभाव असला म्हणून पोहता येत नाही, आणि निष्ठा असली म्हणून बुडालेल्याच्या छातीवर दाब कसा द्यावा हे समजत नाही. नित्य सरावाचे मोल शाखेत वाढलेल्याला निराळे सांगायला नको. तीच शिस्त येथे हवी. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण मिळते. नदीकाठच्या प्रत्येक गावातून किमान पाच तरुण-तरुणी त्यासाठी पाठवणे, हा आपल्या कामाचा भाग का असू नये?

शासनाकडे मागण्या मोजक्याच आहेत. पावसाळ्यापुरती येणारी पथके पुरेशी नाहीत; कृष्णा-पंचगंगा खोऱ्यासाठी राज्य दलाची कायमस्वरूपी तुकडी कोल्हापुरात असावी. प्रत्येक यंत्राच्या खरेदीत देखभाल आणि प्रशिक्षण यांचा खर्च बांधलेला असावा. पोलीस आणि अग्निशमन जवानांची वार्षिक उजळणी कोणत्याही बंदोबस्तासाठी रद्द होऊ नये. चार दशकांच्या लढ्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला मिळाले. न्यायासाठी इतकी चिकाटी दाखवणारे हे शहर जीवितरक्षणासाठी ती दाखवणार नाही काय?

पुढल्या २१ ऑक्टोबरला पुन्हा बिगूल वाजेल. आपणही श्रद्धांजलीला उभे राहू. मात्र त्याआधी, मे महिन्यात, आपल्या तालुक्यातील बोट पाण्यात उतरली का आणि ती चालवणारा कोण, एवढे विचारून येऊ. नामावली लहान ठेवणे आपल्याही हाती आहे.