फ्रेंचची फी आणि एजंटाची फी

मध्य प्रदेशाच्या वेशीवरच्या नाकाडोंगरीत मराठी आणि हिंदी दोन्ही येणे ही काही विद्वत्ता समजली जात नाही. बाजारहाट, सोयरिक, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतले काम, सगळीकडे दोन्ही लागतात. तेव्हा कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्या मुलाला ‘फ्रेंच शीक’ म्हटले, तर निदान या घरांना त्याचे नवल वाटू नये. नवल आहे ते असे, की एजंटाच्या फीसाठी कर्ज काढणारे आईबाप फ्रेंचच्या शिकवणीला चैन म्हणतात!

कॅनडाने १९६९ साली कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषा ठरवल्या. तिथल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांना गुण असतात. तिशीनंतर वयाचे गुण घटत जातात, आणि वय काही मागे नेता येत नाही. भाषा मात्र वाढवता येते. बोलणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे या चारही अंगांत फ्रेंचची सातवी पातळी गाठली आणि इंग्रजी बऱ्यापैकी असले, तर ५० गुण जादा मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांची निवड वेगळ्या फेऱ्यांतूनही होते.

अर्थात ही पातळी तीन महिन्यांत येत नाही. जाहिराती काहीही म्हणोत. क्युबेकचा मामला तर निराळाच. तिथे निवडही प्रांत स्वतः करतो, आणि १९७७ च्या कायद्याने कामकाजाची भाषा फ्रेंच आहे. टोरांटोत राहणाऱ्याला दुकानात फ्रेंच सहसा लागणार नाही; लागेल ती अर्जावर.