ग्रहणाने ओठ फाटतो काय?



बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातून एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. ती नववीत शिकते. तिच्या काकूला नुकताच मुलगा झाला. मूल गुटगुटीत आहे, पण त्याचा वरचा ओठ एका बाजूला नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आहे. काकू गरोदर असताना ग्रहण लागले होते. त्या वेळी तिने विळीवर भाजी चिरली म्हणून असे झाले, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. काकू दिवसभर रडते, बाळाला कोणासमोर आणत नाही. "माझा यावर विश्वास बसत नाही, पण मला उत्तरही देता येत नाही," असे त्या मुलीने लिहिले आहे.

उत्तर एका शब्दात द्यायचे तर "नाही" असे आहे. परंतु विज्ञानात नुसते "नाही" म्हणून भागत नाही. का नाही, तेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी आपण प्रथम कोंबडीच्या अंड्यात डोकावू.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले बाहेर पडतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आरंभी बलकावर फक्त पेशींची एक लहानशी पांढुरकी चकती असते. पहिल्याच दिवशी तिच्या मध्यावर एक रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी इवलेसे हृदय धडधडू लागते. पुढे डोळे, चोच, पंख, पाय असे सारे त्या चकतीतूनच घडते. आता विचार करा : आरंभी सारख्याच दिसणाऱ्या या पेशींपैकी कोणी हृदय व्हायचे आणि कोणी चोच, हे ठरवते कोण?

या प्रश्नाचे एक मोठे उत्तर जर्मनीत मिळाले. हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मानगोल्ड यांनी न्यूट नावाच्या बेडकाच्या नात्यातील प्राण्याच्या भ्रूणावर प्रयोग केले. एका भ्रूणाचा ठरावीक जागेचा कणभर तुकडा काढून त्यांनी तो दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसवला. तेथे चक्क दुसरा भ्रूण तयार होऊ लागला! त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या दुसऱ्या भ्रूणाच्या बहुतेक पेशी बसवलेल्या तुकड्याच्या नव्हत्या, यजमानाच्याच होत्या. म्हणजे तुकड्याने शेजारच्या पेशींना जणू निरोप दिला आणि त्यांनी तो ऐकला. हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिल्डे मात्र १९२४ मध्येच एका अपघातात वारल्या होत्या.

या संशोधनाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येतो. पुणे विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. लीला मुळेरकर यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे वॉडिंग्टन या नामवंत भ्रूणशास्त्रज्ञांबरोबर काम केले. कोंबडीच्या भ्रूणातही असे निरोप जातात, हे वॉडिंग्टन यांनी आधीच दाखवले होते. निरोप जातो म्हणजे एका पेशीसमूहातून दुसऱ्यात एखादे द्रव्य झिरपत जाते काय, या प्रश्नावर वॉडिंग्टन व मुळेरकर यांचा निबंध १९५७ साली निघाला. भ्रूणातील त्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या भागांत शेजाऱ्यांना घडवण्याची शक्ती कितपत आहे, यावर मुळेरकरांनी १९५८ साली स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांनी पुण्यात भ्रूणविज्ञानाचे विद्यार्थी घडवले.

"कोंबडीच्या अंड्यात रेघोट्या पाहून कोणाचे पोट भरणार?" असे तेव्हा कोणी विचारले असते, तर त्याला लगेच उत्तर देता आले नसते. आज देता येते. पेशींचे हे निरोप म्हणजे विशिष्ट प्रथिने आहेत, हे पुढे कळले. त्यांतल्या एकाला १९९३ साली व्हिडिओ खेळातल्या एका पात्रावरून "सॉनिक हेजहॉग" असे गमतीचे नाव मिळाले. १९९९ साली डायान हू आणि जिल हेल्म्स या अमेरिकेतील दोघी संशोधिकांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या चेहऱ्यात हा निरोप थोडा वेळ अडवून पाहिला. चेहऱ्याचे उंचवटे पुरेसे वाढले नाहीत आणि माणसाच्या दुभंगलेल्या ओठासारखेच व्यंग निर्माण झाले. ना ग्रहण, ना विळी!

आता माणसाच्या बाळाकडे वळू. गर्भाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. बाजूंनी आणि वरून मांसल उंचवटे वाढत येतात आणि एकमेकांना मिळतात. वरचा ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात असा सांधला जातो. या काळात निरोपांत कुठे गडबड झाली, उंचवटे वेळेवर भेटले नाहीत, तर फट राहते. जगभरात सातशे ते हजार जन्मांमागे साधारण एका बाळाच्या बाबतीत असे घडते.

त्या आठवड्यांचा हिशेब नीट ध्यानात घ्या. पाचव्या महिन्यात ग्रहण लागले आणि आईने भाजी चिरली, तर तिने काय बिघडवले? बाळाचा ओठ तर तीन महिन्यांपूर्वीच सांधला गेलेला असतो किंवा उघडा राहिलेला असतो.

आणखी एक गंमत सांगतो. मेक्सिकोमध्येही ग्रहणाने ओठ फाटतो अशी जुनी समजूत आहे. पण तेथे गरोदर बाई ग्रहणात अंगावर मुद्दाम किल्ली किंवा पिन, म्हणजे धातूची वस्तू, बाळगते. आपल्याकडे विळीला हात लावायचा नाही आणि तिकडे धातूनेच रक्षण होते! दोन्ही खरे कसे असेल? शिवाय वासरे आणि कुत्र्याची पिलेही कधी कधी दुभंगलेल्या टाळूची जन्मतात. गाय कोठे भाजी चिरते?

मग खरी कारणे कोणती? काही घराण्यांत जनुकांतून हा कल येतो. गरोदरपणातील धूम्रपान आणि फिट्सवरील काही औषधे यांनीही धोका वाढतो. बऱ्याचदा एकच एक कारण सापडत नाही. म्हणून औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मूल हवे असे ठरल्यापासूनच सुरू कराव्यात. बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

माझे मत स्पष्ट आहे. ग्रहण पाळायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु त्यावरून आईला दोषी ठरवणे हा अन्याय आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. शरमेने बाळाला लपवले की उपचार लांबतो. अशा बाळाला नीट चोखता येत नाही. त्याला दूध कसे पाजावे हे शिकून घेतले नाही, तर ते अशक्त होते. वास्तविक ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करता येते. टाळूही फाटलेली असेल तर ती त्यानंतर शिवतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे व उपचार मोफत आहेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

पत्र लिहिणाऱ्या मुली, आता तुला एक काम सांगतो. आजीशी वाद घालू नकोस, तिला हसू तर मुळीच नकोस. तिला तिच्या आजीने जे सांगितले तेच ती सांगते. घरी खुडूक कोंबडी असेल, तर पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्याखालचे एक अंडे अलगद उचल, अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोतासमोर धर आणि आजीला दाखव. आत लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसेल. मग अंडे परत ठेव आणि पेशींच्या निरोपांची ही हकीकत तिला सावकाश सांग. ओठ सांधण्याचे आठवडे तिच्याबरोबर बोटांवर मोज.

त्यानंतर काकू आणि बाळाबरोबर तूही दवाखान्यात जा. डॉक्टर काय म्हणाले, ते आम्हाला जरूर कळव.