घरगड्याला मत द्या

आमच्या सायकल ग्रुपमध्ये दर डिसेंबरला 'रायडर ऑफ द इयर' निवडतात आणि दर डिसेंबरला मी भांडतो. भांडण माणसांशी नाही, मोजपट्टीशी आहे. ॲपवर ज्याचे वर्षभराचे किलोमीटर सगळ्यात जास्त, त्याला ट्रॉफी. हा नियम का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: वाद नको. अरे, वादच नको असेल तर पुरस्कार कशाला? एक एक्सेल शीट काढा, मोठ्यापासून छोट्याकडे लावा, घरी जा.

मी सॉफ्टवेअरवाला. कोणी किती तिकिटं बंद केली यावर अप्रेझल ठरायला लागलं की काय होतं, हे मी जवळून पाहिलंय. लोक सोपी तिकिटं आधी उचलतात. एका कामाची तीन तिकिटं करतात. आणि रात्री दोन वाजता दुसऱ्याचा कोड तपासत बसणारा शीटवर दिसतच नाही. आमच्या ग्रुपमध्ये अगदी हेच झालं. रविवारी पहाटे औरंगपुऱ्यात फुले पुतळ्यापाशी जमून आम्ही दौलताबादमार्गे खुलताबादला जातो. पूर्वी घाटाच्या वर सगळे थांबायचे, धापा टाकत येणाऱ्या नवख्यावर हसायचे, त्याला पाणी द्यायचे. आता थांबलं की आकडा थांबतो, म्हणून कोणी थांबत नाही. जालना रोडवर सपाटीला जाऊन-येऊन किलोमीटर गोळा करणारे मात्र वाढलेत.

मग मोजायचं कसं? आमच्या धंद्यात एक उग्र कल्पना आहे, 'बस फॅक्टर'. उद्या टीममधला अमुक माणूस बसखाली आला, तर काम किती अडेल? पुरस्कारासाठी मी एवढंच विचारतो (बस वगळून): या माणसाला वर्षातून काढून टाका. काय कोसळतं?

हा प्रश्न सायकलिंगच्या सगळ्यात मानाच्या वार्षिक पुरस्काराला लावून बघू. फ्रान्समधलं 'व्हेलो मॅगझिन' १९९२ पासून 'व्हेलो डोर', म्हणजे सोन्याची सायकल, देतं. २०२३ चा मान मिळाला योनास विंगेगार्डला. टूर द फ्रान्स त्याने ७ मिनिटं २९ सेकंदांनी जिंकली होती, त्यामुळे कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. काही जण मॅथ्यू व्हॅन डर पूलसाठी भांडले. मिलान–सान रेमो, पॅरिस–रुबे आणि जागतिक अजिंक्यपद एकाच वर्षात, म्हणजे दावा कच्चा नव्हताच. पण माझं मत सेप कस या अमेरिकन रायडरला होतं आणि आजही आहे.

कस म्हणजे 'डोमेस्टिक'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा सरळ अर्थ घरगडी. नेत्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, घाटात वेग धरून ठेवायचा आणि शेवटच्या किलोमीटरला बाजूला व्हायचं. दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवली की वाऱ्याचा मार कितीतरी कमी बसतो. सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणजे जिंकणाऱ्याचे पाय ताजे असतात, कारण दुसऱ्या कोणाचे तरी थकलेले असतात.

२०२३ मध्ये इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची वुएल्टा या तीन-तीन आठवड्यांच्या तिन्ही शर्यती एकाच संघाने जिंकल्या. त्याआधी कुठल्याच संघाला एका वर्षात हे जमलं नव्हतं. विजेते तीन वेगळे होते, पण तिन्ही शर्यतींत त्या संघाकडून पूर्ण वेळ राबलेला डोंगरातला गडी एकच, कस. जिरोच्या सोळाव्या दिवशी मोंते बोंदोनेच्या चढावर प्रिमोझ रोग्लिच मागे पडला, तेव्हा कसने त्याच्या पुढे राहून नुकसान २५ सेकंदांवर रोखलं. रोग्लिचने जिरो जिंकली ती अवघ्या १४ सेकंदांनी. आता कसला काढा आणि हिशेब करा.

टूरबाबत मी ताणणार नाही. साडेसात मिनिटांची आघाडी कसशिवायही टिकली असती. पण वुएल्टा कसने स्वतः जिंकली, आणि तीही कशी! सतराव्या दिवशी आंग्लिरूच्या भयंकर चढावर त्याचे दोन्ही नेते, ज्यांच्यासाठी तो वर्षभर राबला ते रोग्लिच आणि विंगेगार्ड, त्याला सोडून पुढे निघून गेले. कसचा लाल जर्सी ८ सेकंदांवर वाचला. मालकांनी घरगड्याचा वाटा कसा मोजला, ते त्या एका चढावर साऱ्या जगाने पाहिलं. नंतर संघाला शहाणपण सुचलं आणि त्यांनी त्याला जिंकू दिलं.

हे सगळं युरोपातलं म्हणून सोडून देऊ नका, आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचरं आहे. अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' होते. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, झोपलात तर तुमचा वेळ. २०१७ मध्ये दोन भारतीयांनी ती एकट्याने पूर्ण केली: नाशिकला असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ. गोकुळनाथ ११ दिवस १८ तासांत, समर्थ ११ दिवस २१ तासांत. साधारण पावणेबारा दिवसांच्या शर्यतीत फरक तीन तासांच्याही आतला. पण त्या फरकाने एक जण 'पहिला भारतीय' झाला आणि दुसरा क्विझच्या उत्तरातूनही गळाला.

'पहिला' हा आपला सगळ्यात लाडका पुरस्कार. माझा प्रश्न लावा: गोकुळनाथांना काढलं तर त्याच दिवशी समर्थ पहिले होतात. म्हणजे बिरुद कोसळत नाही, फक्त सरकतं. गोकुळनाथांचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. २०१६ ला त्यांनी हीच शर्यत अर्धवट सोडली होती आणि वर्षभरात ते परत तिथेच उभे राहिले. समर्थांनी पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली आणि २०१८ ला मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजार किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यतही संपवली. दोघांपैकी कोण मोठा यावर आमच्या ग्रुपमध्ये चहाचे चार कप झाले, आणि त्यात किलोमीटरचा विषय एकदाही निघाला नाही. वाद घालता येतो, बघा.

त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाच्या गटात हीच शर्यत मुदतीत पूर्ण केली. एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो, मग अदलाबदल. यातला 'रायडर ऑफ द इयर' कोण, सांगा! आणि एकट्याने जाणाऱ्याच्या मागेही रात्रभर क्रूची गाडी असते. अंधारात तिच्या दिव्यांच्या उजेडात चालवायचं, हा तिथला नियमच आहे. क्रूमधला जो माणूस न झोपता ती गाडी त्याच वेगाने हाकतो, त्याचे ॲपवर किलोमीटर किती? शून्य.

मोजपट्टी काय बघत नाही, हे बघायला शिकलं पाहिजे. २०१२ मध्ये मारियाने व्होसने लंडन ऑलिम्पिकचं रोड रेसचं सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी रस्त्यावरचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, चिखलातलं सायक्लोक्रॉसचंही जिंकलं. व्हेलो डोर मिळाला ब्रॅडली विगिन्सला. विगिन्स लायक होताच, पण व्होसला तो मिळणं शक्यच नव्हतं, कारण महिलांसाठी हा पुरस्कार सुरू झाला २०२२ मध्ये. तीस वर्षं त्या यादीत बाई नव्हती आणि यादीचं नाव मात्र 'वर्षातला सर्वोत्तम'.

आता आमचा उमेदवार. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. नाइट संपवून थेट राइडला येतो आणि कायम सगळ्यांच्या मागे असतो. हळू आहे म्हणून नव्हे, शेवटचा माणूस एकटा पडू नये म्हणून. त्याच्या पाठपिशवीत दोन जास्तीच्या ट्यूब, पंप आणि चिक्की असते. गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजची मुलगी गिअर नसलेली सायकल घेऊन आली होती. शरणापूर फाट्यापाशी तिने 'मी परत जाते' म्हटलं, आणि हा घाटाच्या वरपर्यंत तिच्यासोबत चालत गेला, सायकल हातात धरून. ती आज आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या पुढे असते. त्या सकाळी ॲपने याच्या वेगाचा आकडा इतका खाली आणला की ग्रुपवर त्याची चेष्टा झाली.

'पण हे मोजणार कसं?' असं अध्यक्षसाहेब विचारतात. मोजू नका ना. व्हेलो डोरसुद्धा मतांवरच ठरतो, किलोमीटरवर नाही. मतांत गटबाजी होईल, म्हणतात. होऊ दे. आज गटबाजी नाही, तरी ट्रॉफी सलग तिसऱ्या वर्षी त्याच माणसाकडे चालली आहे, ज्याच्यासोबत नवीन माणूस दुसऱ्यांदा राइडला येत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी खुलताबादहून परत आल्यावर चहाच्या टपरीवर प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. यंदा कोणामुळे तुम्ही सायकल सोडली नाहीत, एवढंच लिहायला सांगा. स्वतःचं नाव लिहिलं तर चिठ्ठी बाद.