खरखर बंद करा, वायरलेस नको!

'सिग्नल-टू-नॉईज रेशो'ची व्याख्या आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. व्हायवात तिचे दोन मार्क हमखास! पण हाच नॉईज आपल्या हॉस्टेलपासून फार लांब नाही, रेवस, थळ, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या होड्यांवर रोज वाजत असतो, आणि तिथे प्रश्न दोन मार्कांचा नसतो, हे आपल्या गावीही नसतं.

मच्छीमार ज्याला सरळ 'वायरलेस' म्हणतात तो म्हणजे व्हीएचएफ सेट. त्याचं चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेलं आहे. इंजिन चालू केलं की या सेटमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतो, दिवे लावले की खरखर वाढते. मग सेट खराब आहे असं ठरवून मोकळं व्हायचं, नाहीतर तो बंदच ठेवायचा. माझं स्पष्ट मत असं की बऱ्याच वेळा सेट ठणठणीत असतो, बिघाड त्याच्या शेजाऱ्यांमध्ये असतो. आणि तो शोधणं हे आपल्यासारख्या इंजिनीअरिंगच्या पोरांचं काम आहे.

खरखर घालवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्क्वेल्चचं बटण फिरवणं. ठरावीक पातळीच्या खालचं सगळं सेट गिळून टाकतो. कानाला बरं वाटतं. पण नॉईजबरोबर कमजोर सिग्नलही गिळला जातो ना! बॅटरी उतरलेली, अँटेना वाकलेली, लांबवर अडकलेली होडी मदत मागते, तेव्हा तिचाच सिग्नल सगळ्यात कमजोर असतो. म्हणजे ज्याच्यासाठी सेट बसवला तेच ऐकू येणार नाही. सेट गप्प आहे म्हणजे समुद्र शांत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

थोडा हिशोब. सेटपर्यंत पोचणारा नॉईज चौपट झाला, तर मोकळ्या जागेच्या साध्या सूत्राने ऐकण्याचा पल्ला निम्मा होतो. नवा सेट आणला तरी नॉईज तोच, पल्लाही तोच. पैसे मात्र गेले!

१९९३ साली स्फोटकं आपल्याच जिल्ह्यात शेखाडीला उतरली. २००८ साली अतिरेकी 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवून मुंबईत आले. तेव्हापासून 'कोळी बांधव हे किनाऱ्याचे डोळे आणि कान' हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. कानातच खरखर असेल तर त्या वाक्याचा उपयोग काय?

तसं पाहिलं तर विजेच्या त्रासाशी रायगडचं नातं जुनं आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार, तिच्या प्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या काळात ते काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं. १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता यावेत. ट्राम धावली १९०७ मध्ये. त्रास व्हायच्या आधीच त्याचं मूळ ओळखलं! होडीला मात्र आपल्या डायनामोपासून पळून जाता येत नाही. तिला मूळ शोधून तिथेच उपाय करावा लागतो.

आता शोधायचं कसं? लॅबमधलं महागडं काही लागत नाही.

पहिली गोष्ट, इंजिन बंद करून सेट नुसत्या बॅटरीवर ऐका. खरखर गेली तर दोष इंजिनाकडचा. होडीचं इंजिन डिझेलचं, त्याला स्पार्क प्लग नाही, म्हणून पेट्रोलच्या गाडीत येते तशी टकटक इथे नसते. इथे येते ती आल्टरनेटरची शिट्टी, जी इंजिनाचा वेग वाढला की चढत जाते. आल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढला, की ती आणखी वाढते.

दुसरी गोष्ट, अँटेनाची वायर काढून ऐका. नुसतं ऐकायचं, बोलायचं बटण चुकूनही दाबायचं नाही, सेट जळू शकतो. आवाज तसाच राहिला तर तो बॅटरीच्या वायरमधून येतोय. मग सेटला वेगळी जोडी थेट बॅटरीपासून, फ्यूज लावून, पीळ देऊन आणायची. आवाज गेला तर तो अँटेनातून आत शिरत होता.

तिसरी गोष्ट, एकेक वस्तू बंद करत जा : पंप, मोबाईलचा चार्जर, आणि मुख्य म्हणजे एलईडी दिवे. स्वस्तातल्या एलईडीतलं स्विचिंग सर्किट व्हीएचएफवर चांगलाच गोंगाट करतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली यावर इशारा काढला होता. त्यातली युक्ती छान आहे : दिवे बंद करून शांत चॅनलवर स्क्वेल्च जेमतेम आवाज जाईल इतकाच फिरवा, मग दिवे लावा. सेट पुन्हा खरखरला तर चोर सापडला!

हे सगळं करूनही लांबचं ऐकू येत नसेल तर अँटेनाकडे वळा. कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरलं की सगळं वाया, तो बदलून नीट टेप गुंडाळायची. गाडीवर पाव-तरंग अँटेना चालते, कारण खाली पत्र्याचं छत असतं. लाकडी किंवा फायबरच्या होडीत तो पत्रा नाही, तिला जमीन न लागणारी अर्ध-तरंग अँटेनाच हवी. आणि उंची! अँटेना ४ मीटरवर असेल तर रेडिओचं क्षितिज सुमारे ८ किलोमीटर, ९ मीटरवर नेली तर १२. पॉवर वाढवून हे मिळत नाही.

कुणी म्हणेल की जीपमध्ये बसवतात तो सीबी सेट का नको? २७ मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत २००५ पासून लायसन्स लागत नाही. पण तिथे पाव-तरंग म्हणजेच पावणेतीन मीटरचा दांडा, बहुतेक सेट एएमवर, म्हणून खरखर जास्तच. शिवाय समुद्रात मदत करणारं कुणी त्या पट्ट्यावर कान लावून बसत नाही.

'आता मोबाईल आहे की', हे नेहमीचं उत्तर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या गावांत मोबाईल आणि वीज किती दिवस नव्हती ते तिथल्या आपल्या मित्रांना विचारा. दुसरं उत्तर उपग्रहाच्या ट्रान्सपॉण्डरचं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला १ लाख नौकांसाठी ही योजना सुरू झाली. योजना चांगलीच आहे. पण ते यंत्रही होडीच्या त्याच बॅटरीवर आणि त्याच गंजलेल्या वायरींवर चालणार. आणि शेजारच्या होडीला 'जाळं आडवं आलंय, वळ' हे सांगायला वायरलेसच लागतो.

म्हणून स्टाफला आणि शेवटच्या वर्षाच्या मंडळींना विनंती. लॅमिंग्टन रोडवरून रेडीमेड प्रोजेक्ट आणून काळं बाईंडिंग करण्यात काय अर्थ आहे? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. एक मल्टिमीटर, एक एसडब्ल्यूआर मीटर, थोडे फेराईटचे मणी आणि चार पोरं एवढ्यावर एका बंदराचं काम होईल. फक्त दोन पथ्यं : चॅनल १६ वर 'हॅलो हॅलो टेस्टिंग' करायचं नाही, आणि तांडेलकाकांना शिकवायला जायचं नाही. आवाज कधी येतो, कशानंतर येतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा.

ज्यांना यायचंय त्यांनी रात्री मेसमध्ये भेटा. सबमिशनचं टेन्शन नंतर बघू!